काम नसताना अडकणारं यंत्र

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ती कुरकुरते. फोनवर माझी गाडी 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

मंगळवारी तू रजेवर होतीस, तेव्हा मी तुझ्या इस्पितळात जाऊन आलो. साखर तपासण्याचं निमित्त होतं. खरं तर तू काम करतेस ती जागा मला बघायची होती. रक्त घेणाऱ्या जाड चष्म्याच्या बाईंनी चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "संगणकवाल्या मॅडमचे वडील का तुम्ही?" हो म्हणालो, तर मला खुर्ची मिळाली. मग सुया, बाटल्या आणि रांग सांभाळत त्यांनी अर्धा तास तुझीच गोष्ट मला सांगितली. तुला ती पाठ आहे, तरी माझ्यापर्यंत कशी पोचली ते कळू दे.

तपासणी यंत्राचे आकडे टिपणारा नवा संगणक तू बसवलास आणि आठवड्याभरात तो गोठायला लागला. पडद्यावरचं घड्याळ थांबायचं, माउस हलायचा नाही, आकडे मधेच गायब. एका आजींचं रक्त पुन्हा काढावं लागलं, तेव्हा त्यांची सून सगळ्यांदेखत तुला नाही नाही ते बोलली. विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने मेमरी बदलली, पॉवर सप्लाय बदलला, आणि तरीही गोठतोय म्हटल्यावर हात झटकून सांगितलं, बसवतानाच काहीतरी चुकलंय. वरिष्ठांनी तुझ्याकडून लेखी खुलासा मागितला. हे सगळं ऐकताना मी बाईंकडे न बघता हातावरचा कापूस दाबत बसलो होतो.

मग त्यांनी खणातून तुझी वही काढली. कधी गोठला, तेव्हा काय चाललं होतं, खोलीत कोण होतं. महिनाभराच्या नोंदी, तुझ्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात. सकाळी नमुन्यांचा ढीग पडतो तेव्हा एकदाही नाही. चहाच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत, दुपारी सगळं निवांत असताना मात्र हमखास. सगळे म्हणत होते, कामाचा ताण झेपत नाही. तू म्हणालीस, काम नसणं झेपत नाही. लोक हसले म्हणे. मीही हसलो असतो. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या; माझ्या अनुभवात भरलेली लिफ्ट अडकते, रिकामी नाही.

तू त्याला नुसतेच आकडे मोजायचं निरुपयोगी काम लावून ठेवलंस. चार दिवस तो मोजत राहिला आणि एकदाही गोठला नाही. बाईंनी मला तुझ्याच शब्दांत समजावलं: हातात काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो, आधी डुलकी, मग गाढ झोप, आणि ह्या बेट्याला गाढ झोपेतून उठताच येत नाही. तू सेटिंगमध्ये जाऊन गाढ झोप तेवढी बंद केलीस. तीन आठवडे सुरळीत गेले. दुसरं कुणी असतं तर तिथेच पाठ थोपटून घेतली असती. तू वरिष्ठांना आणि त्या कंपनीच्या माणसाला बोलावलंस, त्यांच्यासमोर गाढ झोप परत चालू केलीस आणि सगळ्यांना हात मांडीवर ठेवून बसायला लावलंस. चाळीस मिनिटांनी पडद्यावरचं घड्याळ थांबलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही हे कळवायला हवं." आता तो तसले संगणक तुझ्या पद्धतीने तपासतो.

बाईंनी विचारलं, "तुम्हीच शिकवलंत वाटतं मॅडमना?" मी नाही म्हणालो. लहानपणी तुला लिफ्टच्या मशीनरूममध्ये न्यायचो तेव्हा हात मागे बांधून उभी राहा, एवढंच शिकवलं होतं. बिघाड दुरुस्त झाल्यावर तो मुद्दाम परत घडवून दाखवायचा, एवढी माझी छाती नोकरीभर झाली नाही. घरी येऊन आईला दोनदा सांगितलं, शेजारच्या मास्तरांना जिन्यात गाठून सांगितलं. मास्तरांना फारसं कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ते तसेच उभे राहिले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. खुलासा मागितला त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. तुझा आवाज बसला होता. मी तुला दोन वाक्यंही पुरी करू दिली नाहीत. म्हणालो, "यंत्र आपोआप बिघडत नाही. चूक झाली असेल तर कबूल कर आणि मोकळी हो." तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर तू मला कामाचं अवाक्षर सांगितलं नाहीस, आणि मी समजत राहिलो की तू कबूल केलंस. ठकू, तुझा बाप चुकला. पोरीवर विश्वास ठेवायला मला वही, साक्षीदार आणि परक्या बाई लागल्या. त्या संध्याकाळी विचारायला हवं होतं ते आज विचारतो: बाळा, नेमकं काय झालं होतं? तुझ्या तोंडून, पहिल्यापासून सांग. मी मधे बोलणार नाही.

तुझाच, उशिरा का होईना तुझ्या बाजूचा,
बाबा