पाठीवरची रेघ

४ मार्च
शब्दकोशाच्या कामात आज ‘पाठ’ माझ्या वाट्याला आली. नेमकी हीच, नेमकी आत्ता! आमच्या संपादकबाईंना म्हटलं, दुसरं कुणी करेल का? “शब्द वाटून झालेत,” म्हणाल्या. मान वर केली नाही.

हॉस्पिटलात धाकटा भाऊ तसाच. रंगकाम करताना परांचीवरून पडला, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून असतो. कुणाशी चकार शब्द नाही. मला दिसते ती त्याची पाठ. डॉक्टरांनी सुई टोचत टोचत तिच्यावर पेनाने आडवी रेघ मारली आहे. रेघेखाली त्याला काही कळत नाही. “सूज उतरली की बघू,” म्हणाले.

५ मार्च
व्युत्पत्ती झाली. संस्कृत पृष्ठ, प्राकृतात पट्ठ, मग आपली पाठ. पुस्तकाचं पृष्ठ त्याच घरातलं. धड्याचा पाठ वेगळा — त्याला स्वतंत्र नोंद.

७ मार्च
आमच्याकडे उदाहरणाला कुणीतरी खरंच बोललेलं वाक्य लागतं. टेबलावर शिजवलेलं बाई बरोबर हुडकतात. पण वाक्प्रचारांना तोटा नाही, सगळे वॉर्डातच मिळाले. आई नर्सला सांगत होती, “हिच्या पाठचा हा.” शेजारच्या खाटेवरचे आजोबा मुलाबद्दल — “पाठ फिरवली हो त्याने!” धाकट्याचा मुकादम दारातूनच, “आम्ही आहोत तुमच्या पाठीशी!” गेला तो गेलाच. तरी लिहून घेतलं. शब्दाचा काय दोष?

९ मार्च
अर्थ पहिला: मानेपासून कमरेपर्यंतचा, शरीराचा मागचा भाग. एवढा साधा, आणि यालाच वाक्य नाही! मी लिहिलं, ‘त्याच्या पाठीवर तीळ आहे.’ बाईंनी लाल पेन्सिल ओढली. “असं कोण बोलतं? कुणाला?”

भयंकर राग आला. तीळ खरा आहे — डाव्या अंगाला, डॉक्टरांच्या रेघेच्या चार बोटं खाली. रोज ती पाठ मी पुसते!

मग हळूच म्हणाल्या, “भाऊ कसा आहे?” त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

१० मार्च
पुन्हा सुई. पुसट झालेली रेघ डॉक्टरांनी गिरवली — होती तिथेच. जिन्यात बसून रडले. धाकट्याला कळलं असतं, माझे डोळे काही लपत नाहीत. पण त्याने वळून बघितलं तर ना.

११ मार्च
काही नाही.

१२ मार्च
नोंद आज द्यायची होती. पहिल्या अर्थापुढची वाक्याची जागा कोरीच राहिली. दुपारी धाकट्याचं अंग पुसत होते. भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, “ताई, पाठ खाजवतेस जरा?”

बोलला! खाजवली.

“खाली गं.”

रेघेपर्यंत आले.

“अजून खाली. डावीकडे… हां, तिथेच!”

माझं बोट तिळावर होतं.