आमच्याकडे सवत आली त्याची हकीकत

विठ्ठलवाडी,
१८ ऑगस्ट २००४

आदरणीय अंजनाताई,

सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? मुख्याध्यापिका झालात म्हणून गुडघे तरणे होत नाहीत, शाळेचे जिने जपून चढा. आम्ही बरे आहोत. मला सवत आल्याचं बदलापूरपर्यंत पोचलं असेलच, म्हणून खरं कळवते.

आमच्या महिला संस्थेत येणाऱ्या बनूबाईनं मारकुट्या नवऱ्याला सोडलं. तिला कामावर खाडा परवडेना, म्हणून तिच्या लेकीला, मधुला, पहिलीत घालायला जूनमध्ये मीच इथल्या शाळेत गेले. (रिक्षा बंद होत्या, आमच्या राजेंद्रांनी स्कूटरवर सोडलं. त्यांचा गुन्हा एवढाच.) क्लार्क म्हणाला, "बापाचं नाव?" आईचं नाव चालतं, असा सरकारी कागद मी पुढे केला. त्यानं तो कौतुकानं वाचला. "कागद बरोबर आहे मॅडम, पण रकाना मोकळा कसा ठेवू?" मी तावातावानं हेडमास्तरांकडे गेले. तेवढ्यात त्यानं पालक म्हणून राजेंद्रांची सही घेतली. (कारखान्यात रोज न वाचता सही करणारा माणूस!) हजेरीत नाव लागलं : मधु राजेंद्र ओव्हाळ. वर्गात आमच्या चाळीतली तीन मुलं.

बारा वर्षं ज्या बायकांना मी "सोसू नका" सांगत फिरले, त्याच माझं सांत्वन करायला आल्या. राजाबाईचा हात नवऱ्यानं मोडला तेव्हा मीच तिला चौकीत नेलं होतं. ती म्हणाली, "ताई, सोसायचं. घरात तर नाही ना आणली?" मी सगळं खरं सांगितलं. "हो हो," ती म्हणाली, "आम्ही पण असंच सांगायचो."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, तिला मुलगा आहे का? कारखान्यात राजेंद्रांचा मान वाढला. आणि संस्थेच्या अध्यक्षांनी मला "प्रकरण निवळेपर्यंत" महिला मेळाव्यात स्टेजवर बसू नका म्हणून सुचवलं. बारा वर्षांत लोकांना कायदा पटला नाही, सवत मात्र आठवड्यात पटली. मी राजीनामा लिहिलाय. पुरे झालं.

तुमची,
अस्मिता

ता. क. : बोलणी बनूबाईलाही बसली. तिनं मधुला शाळेतून काढलं. पोर आता उल्हासनगरला आईशेजारी बसून जीन्सचे धागे कापते. सहा वर्षांची आहे. बनूबाईची बहीण बदलापुरात राहते, ती ठेवून घ्यायला तयार आहे. तुमच्या शाळेत घ्याल का?

ता. क. २ : राजीनामा अजून पर्समध्येच आहे. काल मधुला भेटले. कात्री खाली न ठेवता म्हणाली, "मावशी, शाळेत माझं नाव सगळ्यांसारखं लांब होतं."  तरी तुम्ही त्या रकान्यात नाव बनूबाईचंच लिहा.