फोटोमागची ‘आई’

६ सप्टेंबर २०२५
पेन्शनचे कागद शोधायला बाबांची ट्रंक उघडली आणि हा फोटो हाती लागला! जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या. मागे पेन्सिलीनं एकच शब्द — ‘आई’.

बाबांची आई? तिचा फोटोच नाही, असंच आजवर ऐकत आले. बाबा दोन वर्षांचे असताना गेली ती. विचारलं, तर फोटो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "विनया, यंदा अविधवा नवमीला पाटावर हा ठेव." दरवर्षी तिच्या जागी नुसती सुपारी असते.

७ सप्टेंबर
भिंग घेऊन बसले. अंगणात चार बायका, मांडीवर मलमल, चिकनकारीचं भरतकाम चाललंय. तिघी कॅमेऱ्याकडे बघत ताठ बसल्यात. चौथीची मान खाली, उजवा हात धुरकट — हलला असणार.

यात आमची आजी कुठे आली? आम्ही मूळचे वाईचे, आजोबा इथे लखनौला पोस्टात. त्यांची बायको दुसऱ्यांचं भरतकाम करायला जायची? घरात अडचण होती? मग कुणी बोललं कसं नाही? डोक्याचा नुसता भुगा! "यातली कोण?" विचारलं, तर बाबांनी लगेच त्या धुरकट हातवालीवर बोट ठेवलं. दोन वर्षांच्या पोराला चेहरा आठवतो होय?

९ सप्टेंबर
मराठी मंडळातली लतिका जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. तिला फोटो दाखवला. पुठ्ठा उलटसुलट करून म्हणाली, "एकोणीसशे दहाच्या आधीचा."

आजी एक्केचाळीस साली गेली, चोवीस वर्षांची. म्हणजे फोटो काढला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता! "काही चूक तर नाही ना?" "अगं, चूक असली तर पाच-सहा वर्षांची. तीस वर्षांची कशी होईल?"

मग ही आई कुणाची?

१० सप्टेंबर
बाबांनी फ्रेम आणायला सांगितली. भूतनाथ मार्केटातून आणली. काय करणार!

१२ सप्टेंबर
लेक अंतरा ऑफिसातून आली. फोटो उलटा केला आणि खो खो हसत सुटली. "मम्मी, ये आपकी मराठी वाली आई थोड़ी है! आई मतलब आ गई. दुकान वाले ने लिखा होगा — फोटो बनके आई."

हात्तिच्या! सगळा जन्म लखनौत गेला, रोज ‘लाइट आई’, ‘सब्जी वाली आई’ ऐकते, आणि हे सुचलं नाही मला! अंतराला हसू आवरेना. मला मात्र रडू आलं. बाबा शहाऐंशी वर्षांचे. दुकानदाराच्या शेऱ्याला आई समजून उराशी धरून बसले इतकी वर्षं? सांगितलं तर म्हातारपणी पुन्हा पोरके होतील. नाही सांगितलं तर नवमीला कुणा परक्या बाईला आजी म्हणून पान वाढायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

१३ सप्टेंबर
सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं. दूध मात्र उतू गेलं.

१४ सप्टेंबर
बाबा काच पुसत होते. स्वतःच्या शर्टानं! मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा चहा विचारून परत आले. भित्री आहे मी.

१५ सप्टेंबर, नवमी
सकाळी पाट मांडताना एका दमात बोलून टाकलं — पुठ्ठा, साल, ‘आ गई’, सगळं. बाबांनी फ्रेम हातात घेतली.

"अक्षर माझंच आहे गं. सात वर्षांचा होतो. रद्दीच्या ढिगात मिळाला. आत्या म्हणायची, तुझ्या आईचा हात कधी थांबला नाही. या चौघींत हिचाच थांबला नव्हता."

सुपारीशेजारी फोटो ठेवला. पानं दोन वाढली.