पाहुण्यासाठी हलकी गोळी

ग्योतोकु,
९ डिसेंबर २००७

चि. सुप्रभा हिला दादाचे आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याला सकाळचं ऊन मिळत असेल असं धरून चालतो. मी बरा आहे. सलोनीनं मला हीटरजवळची खुर्ची आणि कचऱ्याचं खातं दिलंय. इथे कचऱ्यालाही वार असतात. बाटलीचं झाकण बाटलीबरोबर गेलं, तर शेजारीण पिशवी परत दारात आणून ठेवते आणि वर वाकून नमस्कार करते. नातीला मी रोज एक कविता म्हणून दाखवतो. परवा आर्या म्हणाली, "आजोबा, उरुसाई!" सलोनी घाईघाईनं म्हणाली, "बाबा, तिला आवडतंय." उरुसाई म्हणजे कटकट, एवढं जपानी मला येतं. मी पुढचं कडवं म्हटलं नाही.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला सांगायचं ते राहून जातं. पत्राला मधे बोलता येत नाही.

गेल्या शनिवार-रविवारी तुझा विवेक मला शिकारीला घेऊन गेला. हसू नकोस. निक्कोच्या पलीकडे डोंगरात त्याच्या ओळखीचे एक सेकिगुची-सान राहतात. माझ्याच वयाचे, जन्म लाकडाच्या वखारीत गेला, आणि दर हिवाळ्यात हरणं. हरीण म्हटल्यावर मी लगेच तयार झालो. आपल्या चौथीच्या पुस्तकातली हरणाची कविता तुला आठवत असेलच. पाठ करायचो मी, आणि ओसरीवर बसून ऐकता ऐकता आधी म्हणून दाखवायचीस तू. त्या हरणाला नुसते डोळे होते बघ. कवीनं त्याला आवाज दिलाच नव्हता.

शनिवारी संध्याकाळी सेकिगुची-साननी कुलपातून दोन काडतुसं काढून माझ्यापुढे बैठ्या टेबलावर ठेवली. पितळी नळकांडी दोन्हींची सारखीच. एकीच्या टोकाला आखूड, हलकी गोळी. दुसरीच्या टोकाला लांब, जड. त्यांची रायफल सहा मिलिमीटरची. हरणासाठी याहून बारीक नळी इथल्या कायद्याला चालत नाही. त्यांचा खांदा दुखरा, म्हणून कमी धक्क्याची ही बंदूक. ते बोलत होते आणि विवेक मला मराठीत सांगत होता.

"मामा, ते म्हणतात, नळी बारीक असली तरी बिघडत नाही. आत काय घालता ते बघायचं. हलकी गोळी कोल्ह्याबिल्ह्यासाठी. ती फार जोरात जाते आणि कातड्याखालीच फुटते. जड गोळी हळू जाते, पण आतपर्यंत जाते."

तरुणपणी ते अमेरिकेत वायोमिंगला जाऊन आले होते. तिथल्या माळावर प्राँगहॉर्न नावाचं जनावर असतं, आपल्या काळविटासारखं, उघड्यावर राहणारं आणि पळण्यात वारा. त्यांनी लांबून हलकी गोळी झाडली. वाऱ्यानं ती ढकलली आणि त्याचा जबडा उडाला. तसंच ते क्षितिजापर्यंत पळत गेलं, आणि आडोसा नसल्यामुळे यांना ते शेवटपर्यंत दिसत राहिलं. तेव्हापासून, म्हणाले, लहान नळीत जड गोळीच, आणि तीही पुढच्या पायामागे, फुप्फुसात.

हे सगळं ऐकूनही मी काय विचारलं असेन? म्हटलं, "विवेक, त्यांना विचार, लहान गोळी नाही का घालता येणार? बिचाऱ्याला कमी लागेल."

सेकिगुची-साननी दातांतून हवा आत ओढली. मान तिरकी करून म्हणाले, "जरा कठीण आहे." मला वाटलं, विचार करतायत. इथे 'जरा कठीण' म्हणजे साफ नाही, हे विवेकला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मला सांगितलं नाही. उलट त्यांना काहीतरी हसून म्हणाला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहतात तसं, आणि जड काडतूस उचलून परत कुलपात ठेवलं.

रविवारी उतारावर बांबूच्या गवतात मादी उभी होती. जवळच होती. ते मानेवर नेम धरून थांबले, आणि बार निघायच्या क्षणी ती एक पाऊल पुढे आली. खांद्यावर ताटाएवढी जखम झाली, पण आत काहीच गेलं नाही. ती ओरडली. सुप्रभा, लहान मूल दारात बोट सापडल्यावर ओरडतं तसं. मग तीन पायांवर पळाली. बर्फावरचं रक्त बघत आम्ही दुपारपर्यंत चाललो. ओढ्यात सापडली तेव्हा पाण्यात बसून आमच्याकडे बघत होती. डोळे पुस्तकातल्यासारखेच होते. सेकिगुची-साननी सुरी काढली.

नंतर ते माझ्यापुढे कमरेतून वाकले. विवेकनं सांगितलं, "ते माफी मागतायत. पाहुण्यांच्या मनाला जपायला गेलो आणि जनावराचे हाल केले, म्हणतायत."

परतीच्या गाडीत विवेक म्हणाला, "मामा, आईला एकदम सांगू नका हं. आधी म्हणा, प्रोजेक्ट लांबलाय. मग लग्नासाठीची मेमधली सुट्टी रद्द झाली म्हणा. मग कौमुदीच्या घरचे आपोआपच कंटाळतील. हळूहळू गेलं की तिला फार लागणार नाही."

मी हो म्हणालो. आठवडाभर तसं पत्र लिहीतही होतो. फाडलं.

सेकिगुची-सान विवेकच्या नुसते ओळखीचे नाहीत, सासरे आहेत. त्यांची कानाए विवेकच्याच तोयोसुच्या ऑफिसात आहे. गेल्या वर्षी वॉर्ड ऑफिसात जाऊन दोघांनी लग्नाची नोंद केली. म्हणजे तू मला फोनवर "बघ, माझ्या धाकानं पोरगं सुतासारखं सरळ आलं" म्हणालीस, तेव्हा ते करून मोकळे झाले होते. तिला सातवा महिना आहे. मुलगी चांगली आहे. मला 'मामा-सान' म्हणते.

एवढंच असतं, तर मी तुला समजावणीच्या चार ओळी लिहिल्या असत्या. ते एवढंच नाही.

शनिवारी त्यांच्या घरी पोचलो, तर कानाएच्या आईनं मला चहाच्या आधी आतल्या खोलीत नेलं. तिथे त्यांच्या पितरांचा काळा देव्हारा आहे. तिच्या सासूसासऱ्यांच्या फोटोंशेजारी तुझा फोटो. तुझ्या बँकेतल्या निरोपसमारंभातला, गळ्यात हार असलेला. पुढे वाटीभर गरम भात आणि उदबत्ती. ती बाई डोळे पुसून म्हणाली, तुमच्या बहिणीची आणि आमची भेट राहिली.

मी विवेककडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

आणि मी हात जोडले. माझ्या जित्याजागत्या बहिणीला, दुसऱ्याच्या घरात, उदबत्ती लावून. यजमानांपुढे भाच्याचं हसं कसं करायचं, एवढंच त्या वेळी सुचलं. कानाएनं इंग्रजीत विचारलं, आईंना काय आवडायचं? मी सांगितलं, आंबेमोहोराचा भात आणि मेतकूट आवडायचं. तिनं तांदळाचं नाव दोनदा विचारून घेतलं.

गाडीत मी त्याला म्हटलं, "अरे, आई जिवंत आहे तुझी!"

"तिनंच सांगितलं होतं, मामा. त्या जपानी मुलीशी लग्न केलंस तर आई मेली असं समज. दोनदा म्हणाली. मी समजलो."

"अरे, असं आया म्हणतात."

"म्हणतात ना? मग ऐकायचं कोणी? इथे आईवडिलांना न भेटवता लग्न म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं धरतात. मेलेल्या आईला कोणी काही विचारत नाही." आणि मग डबा उघडून त्यानं मला भाताची ओनिगिरी दिली. "खा मामा, सकाळपासून काही पोटात नाही तुमच्या."

मी खाल्ली.

तुझी बाजू घेऊन मी त्याच्याशी भांडलो नाही. तुझीही मला चीड आली होती. तोंडातून काढलेला शब्द मुलाच्या अंगाला चाटून जाईल आणि तो घाबरून घरी येईल, असं तुला वाटलं. कौमुदीच्या आईला आजच सांग. हॉलवाल्याला सांग. त्या पोरीला मेपर्यंत टांगून ठेवू नकोस. विवेक मेमध्ये येणार नाही. नंतरही येईल असं मला त्याच्या तोंडावर कुठे दिसलं नाही. हे मी सौम्य करून लिहीत नाही.

सेकिगुची-सानच्या घरचा नंबर पाकिटाच्या मागे आहे. बाळंतपणासाठी कानाए तिथे माहेरी राहायला आली आहे. सकाळी फोन केलास तर तीच उचलेल. तिला इंग्रजी येतं. ती विचारेल, कोण बोलतंय? खरं सांगितलंस, तर विवेक त्या घरातून उठेल आणि त्या मुलीच्या पोटातलं मूल बापाची लबाडी ऐकत जन्माला येईल. नाही सांगितलंस, तर त्या मुलाला तू फोटोतच दिसशील.

मी मधे पडणार नाही. एकदा पडलो, ते पुरे.

तुझाच,
दादा