आत्याचा उजवा कान

६ मे २०२५, मंगळवार. कडाव

पोचले एकदाची! साताऱ्याहून निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात कर्जतला कशाला? म्हटलं, आत्या झालेय, आता ऊन कुणाला लागतंय.

ओमकार कर्जतच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. माझा धाकटा भाऊ, पण पोट बघितलं तर थोरला वाटतो. मोहोपाड्याच्या कारखान्यातल्या कँटीननं चांगलंच पोसलंय. तसं तोंडावर सांगितलं तर हसला. दोन वर्षांनी माझ्याकडे बघून हसला, म्हणून मीही रस्ताभर मागे बसून उगाच हसत होते.

घर छान आहे. खाली दूध डेअरी, वर या तीन खोल्या. खिडकीतून भाताची रिकामी शेतं दिसतात आणि मागे माथेरानचा डोंगर. सकाळ-संध्याकाळ डेअरीत किटल्यांचा खणखणाट होतो आणि दर खणखणाटाला बाळ दोन्ही हात वर फेकून दचकतं. आजच दवाखान्यातून घरी आलंय. वजन, डोळे, कान सगळं तपासून सोडलं, सगळं उत्तम. जिवणी थेट आमच्या आईची.

बारसं पंधरा तारखेला, बाराव्या दिवशी. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव मी सांगायचं. मान आत्याचाच, पण ओमकारची बायको तेजश्री तो मला देईल असं वाटलं नव्हतं. तिनंच ओमकारला सांगितलं म्हणे. चौदा वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवतेय, शेकडो पोरांची नावं हजेरीत लिहिली, एकाचंही ठेवलं नाही. लग्न नाही, मूल नाही. हे एक नाव तेवढं माझं.

कटकट एकच. बोरघाट उतरताना उजव्या कानाला दडा बसला तो काही सुटत नाही.

७ मे, बुधवार

तेजश्री माझ्याशी बोलते, पण तहसील कचेरीच्या खिडकीतून बोलावं तशी. जेवलात का, पंखा लावू का. एकदाही ‘ताई’ नाही.

चूक माझी आहे हे इथे तरी लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा जन्मून चार तासांत गेला. मी फोनवर म्हणाले, नाव ठेवायच्या आधीच गेला ते बरं, नाहीतर जीव लागतो. धीर द्यायला गेले आणि जीभ अशी घसरली. तिनं फोन ठेवला तो या महिन्यापर्यंत उचलला नाही. मला तिची माफी हवी आहे. ती मागायची कशी ते येत नाही, म्हणून भांडी घासत बसते.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला विमलबाई येतात. गावातल्याच, साठीच्या. हात लोखंडी आणि तोंड त्याहून. माझ्या कानाचं ऐकून म्हणाल्या, तेल घाला नि गप पडा. ओमकारनं मात्र कपाटातून नवीन खेळणं काढलं. पेन्सिलीएवढी काडी, टोकाला दिवा आणि कॅमेरा, त्यावर मऊ चमचा. काडी मोबाइलला जोडायची, कानात धरायची आणि आतलं सगळं मोबाइलवर बघायचं. कारखान्यातल्या धुळीनं त्याचे कान भरतात, म्हणून मागवलंय.

दुपारी खिडकीपाशी बसून बघितलं. अगं बाई! कानात केस असे उभे, गवत माजल्यासारखे. पुढे गुलाबी भुयार, चिकट पिवळा मळ. दोन चमचे काढला. किळस आली आणि मजाही आली. अगदी आत, पडद्याजवळ, तांबूस गोळा दिसला. तो हलेना.

८ मे, गुरुवार

ओमकारनं काल माझ्या डाव्या कानात हळूच नाव सांगितलं. देवेश. तेजश्रीनं निवडलंय. बारशापर्यंत मोठ्यानं उच्चारायचं नाही, कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी विमलबाईंची सक्त ताकीद.

आज दुपारी सगळी झोपल्यावर पुन्हा काडी घेऊन बसले. गोळा तिथेच. निरखून बघितला तर पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या तान्ह्या पोरासारखा वाटला. वर बारीक लव. मला हसूच आलं. बारशाला चारचौघींत तोंडातून शब्द फुटला नाही तर फजिती होईल, तेव्हा सराव करावा म्हणून मोबाइल तोंडाजवळ धरला आणि त्या गोळ्यालाच म्हणाले, कुर्रर्र, बाळा, तुझं नाव देवेश.

वर्गात कुणी असा पोरकटपणा केला असता तर बाकावर उभं केलं असतं. पण खरं सांगते, फार गोड वाटलं.

९ मे, शुक्रवार

दडा सुटला. आता उजव्या कानानं जरा जास्तच ऐकू येतंय.

ही काडी फोटो साठवते. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून पाहिले. काल गोळ्याची पाठ माझ्याकडे होती. आज नाही. मळ सरकत असेल, तेल घातलं ना काल. तरी चमचा पुढे न्यायला हात धजला नाही.

बाळाला मांडीवर घेतलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत नाही. उजव्या कानाकडे बघतं. ओमकारला दाखवलं. तो म्हणाला, ताई, पाच दिवसांचं पोर, त्याला भिंत आणि आत्या सारखीच. हसले, पण मग पदर कानावरून घेतला.

१० मे, शनिवार

आज त्याला तोंड आहे.

नीट लिहिते. दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात. गोळ्याच्या मधोमध एक चीर, ती उघडते, मिटते. छातीशी लावायच्या आधी बाळ जसं तोंडानं शोधत राहतं तसं. मी घाबरून काडी ओढून काढली, टेबलावर ठेवली. मोबाइलवर चित्र तसंच. काडी टेबलावर, दिवा छताकडे, आणि मोबाइलवर माझ्या कानाचं आतलं. ती चीर उघडत होती आणि माझ्या कानात आवाज येत होता. बारीक. कुर्रर्र. आवाज माझाच होता.

मोबाइल बंद केला. कुणाला सांगू? तेजश्री म्हणेल, आल्या नाहीत तोच घरात भुतं सोडली.

११ मे, रविवार

सकाळी डेअरीत तीन किटल्या एकदम आपटल्या. मी दचकले, तेजश्री दचकली, डेअरीतला हरेश खालून ओरडला. बाळ दचकलं नाही.

विमलबाईंनी ओळखलं. न्हाऊ घालताना त्यांनी बाळाच्या डोक्यामागे पितळी तांब्या फरशीवर आपटला. बाळ शांत. मला मोरीच्या दाराशी ओढून म्हणाल्या, ताई, खरं बोला, तुमी नाव घातलं का कुणाच्या कानात? मी सगळं सांगितलं. त्यांचा हात तेलानं माखलेला होता, तसाच त्यांनी कपाळाला लावला. म्हणाल्या, पयल्याला नाव नाय मिळालं. दोन वरसं त्ये दारोदार नाव मागत असंल, नि तुमी मस्करीत देऊन बसल्या. आता ह्या पोराच्या कानाशी त्येची जागा हाय. तुमी वाकलात की उतरंल.

मी विचारलं, उपाय काय? म्हणाल्या, तुमी नाव ठेवू नका. दुसरं कायबी करा, पण पाळण्याशी तोंड नेऊ नका.

मी शिकलेली बाई. पण हे लिहिताना कानात कुणीतरी कूस बदलतंय.

१२ मे, सोमवार

कर्जतला गेलो सगळे. डॉक्टरांनी बाळाचे कान यंत्रानं तपासले. डाव्यानं ऐकू येत नाही. उजव्यानंही नाही. सहा दिवसांपूर्वी दोन्ही उत्तम होते. तेजश्री जिन्यात खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो ठेवू दिला.

माझाही कान दाखवला. डॉक्टर आत दिवा घालून म्हणाले, बाई, आरशासारखा स्वच्छ आहे.

घरी येऊन ओमकारला बाजूला घेतलं आणि म्हटलं, नाव मी ठेवत नाही. आणि देवेश तर नकोच, सखाराम ठेवा, काही ठेवा. दारात तेजश्री होती. ती म्हणाली, माझ्या पहिल्याला नाव नव्हतं ते बरं झालं म्हणालात. आता ह्याचंही काढून घ्या. कचेरीच्या खिडकीवरचं सगळं बोलणं संपलं. हे खरं बोलणं.

१३ मे, मंगळवार

मला खात्री करायची होती. एवढंच.

तेजश्री आंघोळीला गेलेली. बाळाच्या कानात काडी घातली नाही, शपथ घेते, फक्त कानाच्या तोंडाशी धरली. इवलंसं भुयार, कोवळं, स्वच्छ. आणि तळाशी एक खळगा. गुळगुळीत, गोल. कुणासाठी तरी अंथरूण घालून ठेवावं तसा.

तिनं मला तसंच पकडलं. काडी हिसकली, खिडकीतून खाली गटारात फेकली. म्हणाली, हात लावाल पोराला तर कोयता घेईन. ओमकारनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण मोबाइलवर चित्र अजून येतंय. गटाराचं नाही. माझ्या कानाचं. गोळा तिथे नाही. पडद्याला भोक आहे आणि तो आत —

१४ मे, बुधवार

सकाळी लवकर उठलो.

उठले. उठले! चौदा वर्षं पोरांच्या वह्यांत हेच लाल पेनानं गोल करतेय. माझ्या हातून हे कसं —

बरं झालं एक. तेजश्रीनं ठरवलंय, नाव तिची मावशी ठेवील. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. तिला वाटतंय शिक्षा केली. मला एवढं हलकं वाटलं की रडायला आलं. बाळ वाचलं. तिनं मला जन्मभर तोंड दाखवू दिलं नाही तरी चालेल, बाळ वाचलं.

पिशवी भरली. विमलबाईंनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, जावा ताई, मागं वळू नका.

बोलायला गेले की आधी कुर्रर्र येतं. मग शब्द. म्हणून आज गप्प बसलो.

बसले. बसले. बसले.

१५ मे, गुरुवार. सकाळ

गाडी दहाची. ओमकारला उठवायला हवं. तोंडात रुमाल कोंबलाय. लिहीत राहिले की हात माझा राहतो, म्हणून लिहितेय. मी हर्षला. मी शिक्षिका. मी आत्या. मी आले, मी गेले, मी बसले, मी —

दारावर कुणीतरी —

१५ मे

तेजश्री आली होती. स्वतः. डोळे सुजलेले. रात्रभर विचार केला म्हणाली, दवाखान्यात तुम्ही खांद्यावर हात ठेवला तेव्हाच राग गेला होता. मावशीला नको म्हणून कळवलंय. झालं गेलं विसरून जाऊ या. ताई, नाव तुम्हीच ठेवा.

ताई म्हणाली. हर्षलाला ते ऐकायला फार आवडलं असतं.

मी हो म्हणालो.

मग तिनं डोळे पुसले आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. किती हलकं आहे. किती ऊब आहे त्याला. विमलबाई दारातून ओरडत होती, तिला बायकांनी खाली नेलं. पाळण्याला फुलं लावलीत, घुगऱ्यांचा वास येतोय, सगळ्या मला हाक मारताहेत. दोन वर्षांनी आईला इतक्या जवळून पाहिलं. केसांना धुरीचा वास आहे तिच्या. ती हसतेय. म्हणतेय, या ना, वाका ना, बघा कसा कान पुढे करून —