अजून चाळीस मिनिटं

९ जून
आले बाई एकदाची, उत्तर टोकाच्या या बर्फाळ गावात! धावपट्टीवरच्या रेडिओवरून विमानांशी बोलायची नोकरी, आणि राहायला म्हाताऱ्या इलिसापीची खोली. सूर्य मावळतच नाही, म्हणून तिने खिडकीला घोंगडी ठोकलीय. कॅरिबू हरणाचं सूप इतकं वाढलं की पोट फुटायची वेळ आली. माझा साहेब जोअनासी चिडवतो, दक्षिणेत शिकून आलीस, आता वारा नाकाने ओळखायला शिक! दवाखान्याच्या गावाहून इथवर विमानाला सत्तर मिनिटं. इलिसापी मात्र म्हणते, पाच झोपा. बर्फावरून कुत्र्यांच्या गाडीने येताना वाटेत तेवढ्या रात्री झोपावं लागायचं.

१२ जून
धाकट्या बहिणीला, कुपानुकला, दवाखान्यात मुलगी झाली! आमच्या गेलेल्या आईचंच नाव ठेवलंय. म्हणजे आता त्या चिमुरडीला मी आईच म्हणणार. उद्या दोघी येतायत. आई घरी येतेय! पाय जमिनीवर ठरत नाहीत.

१३ जून
विमान निघालं. आत वैमानिक, कुपानुक आणि आई, तिघंच. अर्ध्या तासाने वैमानिक म्हणाला, अजून चाळीस मिनिटं. त्याने कुपानुकला बोलायला दिलं. मी गमतीने विचारलं, किती झोपा गं? ती खिदळत म्हणाली, पाच, ताई!
चहा घेऊन आलेली इलिसापी पांढरीफटक पडली. उडणाऱ्याला कुणी झोपा विचारतं का, कार्टे? त्यांना बर्फावरच्या वाटेला लावलंस, म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.
चाळीस मिनिटं झाली. वैमानिक म्हणाला, अजून चाळीस मिनिटं.

१४ जून
अजूनही चाळीसच. इंधनाचा काटा हलत नाही म्हणे. शोधायला गेलेली विमानं हात हलवत परत आली. आभाळ स्वच्छ निळं.
इलिसापी म्हणते, आता झोपल्याशिवाय वाट सरायची नाही. पण कुपानुक झोपून उठली, आईही. चाळीसच. इलिसापी म्हणाली, त्या झोपून काय उपयोग? गाडी हाकणारा झोपायला हवा.
देवा, वैमानिक.

१६ जून
त्याची जीभ जड झालीय. मी सारखी बोलत राहते, त्याला गायला लावते. एक डुलकी घेऊ का, विचारतो. नाही म्हटलं, ओरडले. कुपानुकचं दूध आटलंय. आईचं रडणं ऐकू येत नाही.

१७ जून
त्याला डुलकी लागली. विमान खाली कोसळू लागलं — कुपानुकची किंकाळी — मग सावरलं.
अजून बत्तीस मिनिटं, म्हणाला.
चाळीसची बत्तीस. पाचातली एक झोप सरली, चार उरल्या. म्हातारी खरं बोलत होती. मीच केलं हे, माझ्या जिभेने.

१८ जून
जागं ठेवू तर भुकेने — झोपवू तर — जोअनासी रडत बाहेर निघून गेला. कुपानुक म्हणते, ताई, तूच सांग.
काय सांगू?
झोप म्हणाले. झोप रे बाबा.

१९ जून
आवाज येतोय! विमान दिसलं — पांढरं — खाली, फार खाली —
वैमानिक उत्तर देत नाही. कुपानुक कुजबुजली, हळू बोल ताई, तो गाढ झोपलाय. तू दिसतेस खिडकीत. आई बघ कशी तुझ्याकडे हात —
सरळ माझ्या खिडकी