आठ अंक, आठ सह्या

२ जून
आले एकदाची नागपुरात! धरमपेठेतल्या कोचिंग क्लासात गणिताची प्रमुख. मालक विक्रम सरांनी या चिन्मयी मॅडम, या, म्हणत हातावर संत्रा बर्फी ठेवली. माझ्या खोलीतल्या फळ्यावर कोपऱ्यात ७३९३९१३३ लिहिलंय. मूळ संख्या, आणि भलती हट्टी. शेवटचा अंक पुसत जा, पार सातापर्यंत, दर वेळी उरते ती मूळच. क्लासने तिच्यावर पुस्तिका काढलीये, तिला कशानंच भाग जात नाही हे दाखवणारे हजारावर भागाकार, सगळे हातानं केलेले. लेखक विक्रम सर. नव्या आवृत्तीत माझंही नाव येणार. मी तर हवेतच आहे.

५ जून
बाबाराव नावाचे गृहस्थ आले होते. त्यांची बहीण जयवंता इथं शिकवायची, मार्चमध्ये वारली. भागाकार तिचे, कोराडीच्या बसमध्ये मांडीवर वही ठेवून वर्षभर केलेले. वही दाखवली, डावीकडे कललेलं अक्षर. मले दुसरं काही नको, फक्त तिचं नाव छापा, एवढंच म्हणत होते. सरांनी त्यांना वाटेला लावलं आणि पत्र केलं : पुस्तिका सरांचीच, जयवंता नावाचं इथं कोणी नव्हतंच. खाली आम्हा शिकवणाऱ्यांच्या आठ सह्या. प्रमुख म्हणून पहिली माझी, दुसरी सरांची, शेवटची रुपराव सरांची. वही खरी आहे हे मला कळत होतं. तरी केली. नव्या नोकरीत मालकाशी वाकडं कोण घेणार?

६ जून
फळ्यावर ७३९३९१३. खाली कललेल्या अक्षरात : तपासून घ्या, भाग जात नाही. रुपराव सर आले नाहीत. झाडणाऱ्या सिंधूताईंना विचारलं. कोन रुपराव सर? असे कोनी नव्हतेच इथं, काहून विचारून राहिल्या मॅडम? हजेरीपटात त्यांची ओळ नाही. पत्रावर सह्या सात.

७ जून
७३९३९१. सहा सह्या. सातवी सही करणारे आनंदराव सर कुणालाच आठवत नाहीत, शेजारी बसणाऱ्यालासुद्धा. आम्ही तिचं नाव पुसलं, ती आमची पुसतेय. शेवटून, एकेक.

९ जून
७३९३. चौघं उरलो. तिचं नाव टाका म्हणायला छापखान्यात फोन लावला. मुखपृष्ठ तयार आहे म्हणाले, माझं नाव ठळक आलंय. फोन ठेवून दिला. लाज वाटते.

११ जून
७३. सर आणि मी. सर दार लावून बसलेत. रडतायत.

१२ जून
७. बाहेरच्या पाटीवर एकटं माझं नाव. सिंधूताई म्हणाल्या, क्लास तर पयलेपासून तुमचाच हाय. खोटं कशाला लिहू, क्षणभर बरं वाटलं — मग फळा दिसला —

१३ जून
फळा कोरा. पत्र कोरं. सिंधूताईंनी दारातच अडवलं — कोन पायजे बाई तुमाले?
लिहून ठेवते. भागाकार जयवंताबाईंचे. सगळे. मी खोटी सही केली. मी, चिन्म—